नुसतं बसायला एवढ्या लांब?

ताई,

फ्रँकफर्टजवळच्या एका गावातून लिहितेय. आम्ही दोघंही नोकरी करतो, मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि सध्या सासूबाई साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आल्या आहेत. वय ६८, गुडघ्यांचा त्रास, पक्क्या शाकाहारी. ऑक्टोबरात मुलाच्या शाळेला सुट्टी आहे, तेव्हा पाच दिवस माल्टाला जायचं ठरलंय. विमानाची तिकिटं काढून झाली, राहायचं अजून ठरलेलं नाही. नवऱ्याने एक्सेल शीट केली आहे: पाच दिवस, तीन बेटं, सत्तावीस ठिकाणं. व्हॅलेटा, एमडिना, ब्लू लगून, गोझोवरची अझूर विंडो... प्रत्येकापुढे मिनिटं लिहिलीत. मी म्हटलं, मला कुठंच जायचं नाहीये, मला समुद्राकडे बघत बसायचंय. तर सासूबाई म्हणाल्या, "नुसतं बसायला एवढ्या लांब कशाला? घरीच बसू की." नवरा म्हणाला, "माल्टाला काय पुन्हा पुन्हा जाणार आहोत का?" दोघांचंही बरोबर वाटतं आणि तरी रडू येतं. गेल्या वर्षी रोमहून आल्यावर मी दोन दिवस रजा टाकून झोपले होते. मी आळशी झालेय का? आणि पाच दिवसांत खरंच आराम होतो का हो?

— दमलेली

प्रिय दमलेली,

अझूर विंडो, म्हणजे समुद्रातली ती दगडी कमान, शीटमधून काढून टाका. ८ मार्च २०१७ च्या वादळात ती समुद्रात कोसळली. कमान नाही, खांब नाही, काही म्हणजे काही उरलेलं नाही. फोटो मात्र अजून फिरत असतात, त्यामुळे तुमच्या नवऱ्याचा दोष नाही. पण सत्तावीसची सव्वीस झाली, तीही तुम्ही एक शब्द न बोलता.

आता मला एक सांगा. रोमला हॉटेलात उतरला होतात की भाड्याच्या घरात? पैज लावते, घरात. सकाळी पोहे कोणी केले? दुपारसाठी पोळ्यांचे रोल फॉइलमध्ये कोणी गुंडाळले? पोराचं जाकीट, पाण्याच्या बाटल्या, सगळ्यांचे पासपोर्ट कोणाच्या पिशवीत होते? रोममध्ये तुम्ही चालून दमलात यावर माझा विश्वास नाही. चालून दमलेलं माणूस एका रात्रीत उठतं. तुम्ही तुमचं घर उचलून रोमला नेलंत, चार दिवस तिथे चालवलंत आणि परत आणलंत. म्हणून दोन दिवस रजा लागली. शीटमधली ठिकाणं सत्तावीसची सात केली आणि बाकी सगळं तसंच ठेवलं, तरी तुम्ही माल्टाहून येऊन पुन्हा झोपणार.

गोझोवर जगन्तिया नावाची दगडी देवळं आहेत, इसवी सनापूर्वी सुमारे ३६०० च्या काळातली, म्हणजे इजिप्तच्या पिरॅमिडांहून जुनी. तिथली दंतकथा अशी की ती एका राक्षसिणीने बांधली. बाकला आणि मध एवढंच खायची आणि तान्हं पोर खांद्याला लटकवून ते अजस्र दगड वाहून आणायची. तुमचं पत्र वाचताना मला तीच आठवली. तिचा नवरा कुठे होता, याबद्दल कथेत फारसं काही नाही. बहुधा शीट करत असावा.

थट्टा राहू द्या. तुम्हाला त्या घरात खरं कोडं घातलंय ते सासूबाईंनी, आणि त्या म्हणतात ते मला अगदी पटतं. जरा त्यांच्या बाजूने बघा. तुम्ही दोघं कामावर, पोरगा शाळेत. साताऱ्यात दारात उभं राहिलं की दहा माणसं बोलायला असलेल्या बाई जर्मनीतल्या फ्लॅटमध्ये सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत काय करतात? बसतात. रोज. खिडकीतून समोरच्या इमारतीकडे बघत. तुम्हाला बसण्याची भूक आहे आणि त्यांना बसण्याचा वीट आलाय. दोघींना एकाच बाकावर बसवून दोघींचाही आराम होणार नाही. त्यांना माणसं दिसायला हवीत, कुठे जाऊन आल्यासारखं वाटायला हवं. नवऱ्याला काहीतरी 'बघितलं' असं वाटायला हवं. पोराला पाणी आणि दगड मिळाले की पुरे. आपल्याकडे कुटुंबाची सहल म्हणजे सकाळपासून रात्रीपर्यंत सगळ्यांनी एकाच गाडीत, एकाच ताटात. दिवसातले तीन-चार तास वेगळं झालात तर काही कोणी नातं तोडल्यासारखं होत नाही.

तर माझं म्हणणं: तीन रात्री गोझोवर एकाच घरात राहा, शेवटची रात्र माल्टाच्या मुख्य बेटावर काढा. तिसरं बेट कॉमिनो, ब्लू लगून तिथेच आहे, ते सोडून द्या. ब्लू लगूनचं पाणी सुंदर आहे, पण गुडघे दुखणाऱ्या बाईंना बोटीत चढवून, खडकांवर उतरवून पुन्हा रांगेत उभं करण्याइतकं नाही.

गोझो केवढं? ६७ चौरस किलोमीटर. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतची जुनी मुंबई साधारण एवढीच भरते. फक्त तिथे माणसं आहेत चाळीस हजारांच्या आसपास. या टोकाचं त्या टोकाला गाडीने अर्ध्या तासात जाता येतं. विमानतळ नाही, हे त्या बेटाचं नशीब. माल्टाच्या विमानतळावरून चिरकेव्वाच्या धक्क्यापर्यंत टॅक्सीने पाऊण तास धरा, तिथून फेरीबोटीने पंचवीस मिनिटं. जाताना तिकीट मागत नाहीत. गोझो सोडताना दोन्ही वेळचं एकदम घेतात. पैसे न देताच चढतोय असं वाटून सासूबाई कासावीस होतील, त्यांना आधी सांगून ठेवा. व्हॅलेटाहून थेट गोझोला जाणारी वेगवान बोटही आहे, पाऊण तासाची, पण लाट असेल तर ती चांगलीच उडते. सामान आणि वडीलधारं माणूस बरोबर असताना मी मोठी फेरीबोटच घेईन.

आता घर. गोझोवरची जुनी दगडी शेतघरं भाड्याने मिळतात. मधाच्या रंगाचा चुनखडीचा दगड, अंगण, छोटा पोहण्याचा तलाव. फोटो बघून जीव जातो. माझाही गेला होता. बहिणीबरोबर गेले होते तेव्हा असंच एक घर घेतलं, आणि झोपायच्या खोल्या वर, दगडी गोल जिन्याने, कठडा नावापुरता. बहीण तीन दिवस बसून-बसून उतरायची. तलावाचं पाणी बर्फ. गावातलं दुकान दुपारी बंद, आम्हाला नेमकी दुपारीच साखर लागायची. त्यामुळे शेतघर नको. मार्सलफोर्न किंवा श्लेन्दी या दोन खाडीकाठच्या गावांपैकी एकात, तळमजल्यावर किंवा लिफ्ट असलेल्या इमारतीत, समुद्र दिसेल असा सज्जा असलेला फ्लॅट घ्या. घरमालकाला एकच प्रश्न लेखी विचारा: रस्त्यापासून पलंगापर्यंत पायऱ्या किती? 'थोड्या' असं उत्तर आलं तर पुढचं घर बघा.

मला विचाराल तर श्लेन्दी. दोन बाजूंना उंच कडे आणि मध्ये चिंचोळी खाडी, पाणी शांत. काठाने सपाट फरसबंदी, बाक, चार-पाच खानावळी. सकाळी नऊ वाजता तुम्ही त्या काठावर कॉफी घेऊन बसायचं. तुम्ही एकट्या. हे काही मी सुचवून बघत नाही, शीटमध्ये लिहून घ्या. नवऱ्यालाच लिहायला सांगा: '९ ते १२, श्लेन्दी, बायको बसणार'. मिनिटं लिहायची त्यांना हौस आहे ना, एकशे ऐंशी लिहा.

त्या तीन तासांत बाकीची मंडळी काय करतील? पहिल्या सकाळी नवऱ्याने आईला घेऊन ता पिनूच्या चर्चला जावं. मोकळ्या माळावर एकटंच उभं असलेलं मोठं चर्च आहे. १८८३ मध्ये कार्मनी ग्रीमा नावाच्या शेतकरी बाईला तिथल्या जुन्या छोट्या प्रार्थनाघरातून हाक ऐकू आली, तेव्हापासून लोक नवस बोलायला येतात. आजची इमारत विसाव्या शतकातली. आतल्या खोल्यांच्या भिंतींवर नवस फेडताना आणलेल्या वस्तू लावल्यात: कुबड्या, बाळांचे कपडे, चित्रं, पत्रं. सासूबाईंना त्यासाठी गाइड लागणार नाही. नवस म्हणजे काय, हे आपल्या बायकांना कोणी समजावून सांगायची गरज नाही. खांदे झाकलेले हवेत, पण साडीला त्याची काय अडचण.

दुसऱ्या सकाळी मार्सलफोर्नच्या पलीकडची श्वेय्नीची मिठागरं. काठच्या मऊ दगडात चौकोनी खाचे खोदलेत, शेकडो, चेसबोर्डसारखे. समुद्राचं पाणी भरायचं, उन्हात आटवायचं, मीठ खरवडून घ्यायचं. आपल्या वसई-उरणकडची मिठागरं मातीची, ही दगडाची, एवढाच फरक. हंगाम उन्हाळ्याचा, त्यामुळे ऑक्टोबरात मिठाचे ढीग कदाचित दिसणार नाहीत, पण शेजारून गाडीरस्ता जातो, खाली उतरायला नको आणि पोराला चौकोन मोजत बसता येतं. मिठाची पुडी मिळते. ती सासूबाई साताऱ्याला नेतील आणि वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतील. नवऱ्याच्या सव्वीस ठिकाणांपैकी या एका पुडीएवढं टिकाऊ कुठलं निघेल, मला शंका आहे.

दुपारी सगळ्यांनी झोपायचं. गोझो झोपतं, तुम्हीही झोपा. चार वाजता रामलाच्या किनाऱ्यावर जा, तांबूस वाळूचा मोठा किनारा आहे. उन्हाळाभर तापलेलं पाणी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात २४ अंशांच्या आसपास असतं, म्हणजे फ्रँकफर्टात स्वेटर निघालेले असताना पोरगा पाण्यात. जेलीफिश आहेत का, हे आधी तिथल्या लोकांना विचारा. सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो. रामलाच्या वरच्या टेकडीत ग्रीक कथेतल्या कॅलिप्सोची गुहा दाखवतात. तिने ओडिसियसला आपल्या बेटावर सात वर्षं ठेवून घेतलं, ते बेट गोझोच, असं इथले लोक मानतात. गुहेत बघण्यासारखं काही नाही, तिचा हट्ट धरू नका. पण गोष्ट सासूबाईंना जरूर सांगा. फुकटात सात वर्षं नुसतं बसायला मिळालं आणि तो बाबा रोज किनाऱ्यावर जाऊन घरच्या आठवणीने रडायचा. त्या म्हणतील, बघ, मी काय म्हणत होते.

जगन्तियाला जा, तासाभरात होतं. व्हिक्टोरियाचा किल्ला नवऱ्याने आणि मुलाने बघावा, तिथे चढ आहे. या गावाचं जुनं नाव रबात. १८८७ मध्ये राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली म्हणून व्हिक्टोरिया केलं. आपल्या बोरीबंदरच्या स्टेशनाला राणीचं नाव मिळालं तेही याच निमित्ताने, याच वर्षी. इथले लोक अजून रबातच म्हणतात.

स्वयंपाकाचं आता स्पष्ट बोलते, कारण तुमचा आराम तिथेच बुडणार आहे. फ्लॅटला स्वयंपाकघर असू द्या, पण त्यात फक्त चहा आणि सकाळची न्याहारी होईल. चहा सासूबाई करतील. त्यांना आवडेल आणि तुमच्यापेक्षा बरा होईल. (पाणी मात्र बाटलीचं घ्या. तिथल्या नळाला बरंचसं समुद्राचं, मीठ काढलेलं पाणी येतं. प्यायला चालतं, पण चहाची चव बिघडते.) कुकर नेऊ नका. मला माहीत आहे, तुम्ही कुकर न्यायचा विचार केलाय. न्याहारीची जबाबदारी नवऱ्याची. ब्रेड आणणं, फळं कापणं, भांडी विसळणं, सगळं. तो म्हणेल, "सांग ना काय आणू?" तर सांगायचं नाही. काय आणायचं हे ठरवणं हेच तर काम आहे.

दुपार-रात्रीचं बाहेर. शाकाहारी माणसाची तिथे उपासमार होत नाही, पण विचारून घ्यावं लागतं. फ्तीरा नावाचा चपटा पाव गोझोवर पिझ्झासारखा, बटाट्याच्या चकत्या घालूनही करतात. माल्टाच्या फ्तीरा करण्याच्या कलेला २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. पावाला टोमॅटो चोळून, वर तेल आणि केपर्स घालून होब्ज बिझ्झेय्त करतात. त्यात सवयीने ट्यूना टाकतात, तेव्हा मासा नको हे आधीच सांगा. बिगिल्ला म्हणजे सुक्या बाकल्याचं लसणीचं वाटण, सासूबाई त्याला चटणी म्हणतील आणि बरोबरच आहे ते. पास्तिझ्झी ही आपल्या खारीसारख्या पदरांची गरम करंजी, आत रिकोटा चीज किंवा वाटाण्याचं सारण. इथे जपून: तिच्या पारीला डुकराची चरबी वापरायची जुनी पद्धत आहे. दुकानात विचारा, आणि उत्तर गुळमुळीत आलं तर सासूबाईंना देऊ नका, तुम्ही खा. मेंढीच्या दुधाच्या छोट्या चीजच्या वड्या मिळतात, जबेय्ना म्हणतात त्यांना. चीज विरजायला प्राण्यांच्या पोटातलं रेनेट वापरतात हे ज्यांना चालत नाही त्यांनी टाळावं. शेवटी खजुराचं सारण भरून तळलेले इम्कारेत. ते समोर आले की सासूबाई कशाचीच चौकशी करणार नाहीत.

बोलण्याची अडचण नाही, इंग्रजी सगळीकडे चालतं. माल्टी भाषा अरबी कुळातली, पण रोमन लिपीत लिहितात. मुलाला एक खेळ द्या: ओळखीचे शब्द शोध. पुस्तकाला 'क्तीब', म्हणजे किताब. जगाला 'दिन्या', म्हणजे दुनिया. आजीला बरोबर घेऊन शोधायला सांगा. तेवढाच तुमचा आणखी एक तास.

बसने फिरायचा विचार करू नका, बहुतेक वेळा व्हिक्टोरियाला जाऊन बदलावी लागते. टॅक्सी बोलवा किंवा गाडी भाड्याने घ्या. तिथे वाहनं डावीकडून चालतात. जर्मनीत उजवीकडची सवय झालेल्या नवऱ्याला पहिला तासभर भारत आठवावा लागेल.

शेवटची रात्र मुख्य बेटावर का, तर वारा. ऑक्टोबरात गडगडाटी पाऊस सुरू होतो आणि वारा चढला की फेरीबोटी थांबू शकतात. ज्या दिवशी विमान, त्या सकाळी गोझोवर असू नये. ती रात्र व्हॅलेटात काढा आणि तो दिवस नवऱ्याला देऊन टाका, शीटसकट. सेंट जॉन्स कॅथेड्रलमध्ये काराव्हाज्जो या इटालियन चित्रकाराचं १६०८ चं मोठं चित्र आहे, त्याने सही केलेलं एकमेव. दुपारी बारा वाजता तटावरून तोफ उडते, ती मुलाला दाखवा. आणि सासूबाईंना सांगा की १८७८ मध्ये रशियाला धाक घालायला इंग्रजांनी मुंबईहून जहाजं भरून हिंदी पलटणी याच बंदरात आणल्या होत्या, बॉम्बे आर्मीच्या पलटणीही त्यात होत्या. साताऱ्याच्या बाईंना फौजेची गोष्ट नुसत्या देखाव्याहून जास्त आवडते, असा माझा अनुभव.

कागदपत्रांचं एकच, पण आज रात्रीच बघा. माल्टा शेंगेनमध्ये, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, त्यामुळे सासूबाईंचा जर्मनीचा व्हिसा चालतो आणि तिथले दिवसही व्हिसाच्या त्याच नव्वद दिवसांत मोजले जातात. पण विमान थेट आहे ना? लंडन किंवा इस्तंबूलमार्गे असेल तर त्या शेंगेनबाहेर पडल्या असं धरलं जाईल, आणि व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल तर परत येता येणार नाही. तिकीट तसं असेल तर बदला, थोडे पैसे गेले तरी. त्यांचा प्रवासविमा माल्टात लागू आहे का तेही पाहा. पासपोर्ट सगळ्यांचे जवळ हवेत. नवऱ्याच्या जवळ. तुमच्या पिशवीत एक पुस्तक आणि उन्हाचा चष्मा, बस.

आणि हो, तिथे इंग्लंडसारखे तीन चौकोनी पिनांचे प्लग लागतात, जर्मनीतले बसत नाहीत. अडॅप्टर दोन घ्या. हेही त्यांनाच आणायला सांगा.